साहेबांना शाळा सुटताना बोलवा

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबई महानगर प्रदेशात होणाऱ्या एकूण प्रवासांपैकी निम्म्याच्या आसपास प्रवास पायी होतात. या प्रदेशाच्या विकास प्राधिकरणानं, म्हणजे एमएमआरडीएनं, २००८ साली केलेल्या वाहतुकीच्या अभ्यासात हे नोंदलेलं आहे. लोकलनं जाणारी माणसं घर ते स्टेशन आणि स्टेशन ते कचेरी चालतात, ते वेगळंच. म्हणजे या शहरात चालणारा माणूस थोडाथोडका नाही, निम्मं शहर आहे. त्याच्यासाठी नीट फूटपाथ, झेब्रा क्रॉसिंग, सायकलला सुरक्षित जागा हे सगळं वॉर्ड ऑफिसकडून करून कसं घ्यायचं, त्याबद्दल आज बोलते.

आधी दोन आकडे लिहून घ्या. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेनं २०१२ मध्ये पादचारी सुविधांसाठी मार्गदर्शक सूत्रं काढली. त्यांत चालायला मोकळी जागा किमान १.८ मीटर हवी, असं म्हटलंय, आणि फूटपाथची उंची १५० मिलिमीटरहून जास्त नको. पुन्हा सांगते. रुंदी साधारण ६ फूट, उंची ६ इंच. ६ फूट, ६ इंच. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

आता आमच्या टेलरकाकूंची गोष्ट ऐका. मला जे सांगायचंय ते बहुतेक सगळं त्यात आलं.

आमच्या भागात स्टेशनकडून शाळेकडे जाणारा एक रस्ता आहे. सकाळची शाळा सुटते आणि दुपारची भरते, ती एकाच सुमाराला, साडेबारा ते एकच्या दरम्यान. त्या वेळी मुलं, आया, आजी-आजोबा, रिक्षा, टेम्पो, सगळं एकदम. फूटपाथ होता, पण त्यावर कुणी नसायचं. सगळे खालून, गाड्यांच्या आरशांना कोपर लागेल इतक्या जवळून चालायचे. सोसायट्यांनी मिळून अर्ज केले होते, ‘फूटपाथची दुरवस्था झाली असून नागरिकांची गैरसोय होत आहे, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.’ उत्तर ठरलेलं, ‘आपली तक्रार संबंधित खात्याकडे पाठवण्यात आली आहे.’

काकू ब्लाउज शिवतात. गुडघे दुखतात, तरी नातवाला शाळेत सोडायला-आणायला त्याच जातात. एका दुपारी शाळेतून येताना त्यांनी गळ्यातली टेप काढली, आमच्या गेटाशी वाकल्या आणि फूटपाथची उंची मोजली. ११ इंच. पुढच्या गेटाशी ९. त्याच्या पुढे १३, कारण तिथं जुन्या लाद्या न काढता त्यांच्यावरच पेव्हर ब्लॉक बसवले होते. विजेचा डबा आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये उरलेली फट १४ इंच. हे सगळं त्यांनी बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या पानांवर उतरवलं. गिऱ्हाइकाचं नाव आणि पुढे छाती, कंबर, बाही लिहितात ना, तसंच इमारतीचं नाव आणि पुढे इंच.

(पेव्हर ब्लॉकचा विषय निघालाच आहे तर सांगते, फूटपाथसाठी तो मालच नव्हे. एक निखळला की शेजारचे डुगडुगायला लागतात, आणि पावसात पाय पडला की खालून चिखलाची पिचकारी. त्यापेक्षा खरखरीत काँक्रीट शंभर पटीनं बरं.)

काकू ती पानं घेऊन ऑफिसात गेल्या. कारकून म्हणाला, ठेवून जा. काकू म्हणाल्या, “ठेवते, पण पोच द्या.” झेरॉक्सवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मारून घेतला. मग अभियंत्यांच्या टेबलाशी गेल्या. त्यांनी पानं चाळली आणि विचारलं, “मापं कुणी घेतली?”

“मी.”

“कापडाच्या टेपनं?”

“हो. तुम्ही लोखंडी घेऊन या, आपण परत मोजू. साडेबाराला या.”

आणि साहेब खरोखर आले. शाळा सुटत होती. काकूंनी नातवाचं दप्तर त्यांच्या एका हातात दिलं, नातवाचा हात दुसऱ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “आमच्या गेटापर्यंत जाऊ. फूटपाथवरूनच जायचं बरं का.” पहिल्या गेटाशी साहेबांनी मुलाला खाली उतरवलं, पुढे उचलून वर चढवलं. दुसऱ्या गेटाशी पुन्हा तेच. मग एक मोटारसायकल आडवी लावलेली, तिला वळसा. साहेब काकूंशी काहीतरी बोलत होते. विजेच्या डब्यापाशी आल्यावर, बोलता बोलताच, मुलाला घेऊन ते सरळ रस्त्यावर उतरले. मागून टेम्पोनं हॉर्न मारला.

काकू म्हणाल्या, “साहेब, तुम्ही खाली उतरलात.”

साहेब थांबले. डब्याकडे बघितलं, स्वतःच्या पायांकडे बघितलं, पोराला जवळ ओढलं. मग दप्तर एका स्कूटरच्या सीटवर ठेवून तिथंच डायरी काढली.

पावसाळा संपल्यावर काम निघालं. जुन्या लाद्या उखडल्या, उंची खाली आली, गेटांशी उतार झाले, शाळेसमोर झेब्रा रंगवला गेला. विजेचा डबा मात्र अजून तिथंच आहे. तो वीज कंपनीचा, त्याचा पत्रव्यवहार वेगळा, आणि काकू तो करताहेत.

तर श्रोतेहो, मापं घ्या, पोच घ्या, आणि संयुक्त पाहणी मागा, म्हणजे साहेब आणि आपण मिळून जागेवर जाऊन बघायचं. मापं, पोच, पाहणी. अर्ज वॉर्डच्या सहाय्यक आयुक्तांच्या नावे करा, प्रत नगरसेवकांना द्या. पार्किंगबंदी किंवा सिग्नलची वेळ हवी असेल तर एक प्रत वाहतूक पोलिसांनाही. पालिकेच्या १९१६ या फोन नंबरवर तक्रार नोंदवून तक्रारीचा क्रमांक घ्या. उत्तरच आलं नाही तर माहितीचा अधिकार आहे, त्याला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आपण कुणाकडे मेहरबानी मागत नाही. रस्ते राखणं हे १८८८ च्या महापालिका कायद्यानंच पालिकेचं बंधनकारक काम ठरवलंय, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विनाअडथळा फूटपाथ हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सांगितलंय.

अर्जात सगळं खापर फेरीवाल्यांवर फोडू नका, ही माझी विनंती. त्यांच्यासाठी २०१४ चा कायदा आहे, तो नीट राबवावा. टेप घेऊन निघालात की दिसेल, वाट अडवणाऱ्यांत डबे, खांब, दुकानांचे रॅम्प आणि आपल्याच गाड्या किती आहेत. आणि स्कायवॉक, म्हणजे रस्त्याच्या वरून जाणारे चालण्याचे पूल, ते तर मागूच नका! वांद्र्याला २००८ मध्ये पहिला झाला, मग ठिकठिकाणी झाले. दुखऱ्या गुडघ्यांना जिने चढायला लावायचे आणि जमीन गाड्यांना द्यायची, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

सायकलचं थोडक्यात. वांद्रे-कुर्ला संकुलात खास मार्ग बांधला गेला, त्यावर गाड्या उभ्या राहिल्या, आणि २०२५ मध्ये तो काढून गाड्यांसाठी रस्ता वाढवायचं ठरलं. मला वाटतं, सायकलचा विचार पहाटेच्या पाववाल्यापासून, भोंगा वाजवत येणाऱ्या इडलीवाल्यापासून, डबेवाल्यांपासून सुरू व्हायला हवा. ते रोज कुठून जातात, कुठे अडतात, ते त्यांना विचारा आणि तेच अर्जात लिहा. गटारावरच्या जाळीच्या पट्ट्या रस्त्याला समांतर असल्या तर त्यांत चाक अडकतं. जाळ्या आडव्या बसवा, एवढी मागणीसुद्धा पुष्कळ आहे.

आता वेळेचं. पावसाळ्यात रस्ते खोदायला पालिका सहसा परवानगी देत नाही, आणि पालिकेचा अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या सुरुवातीला मांडला जातो. म्हणून मोजणी पावसातच उरका, अर्ज दिवाळीच्या आत आवकला पडू द्या. आणि पाहणीची वेळ अर्जातच लिहा, शाळा सुटण्याची.

नमस्कार.