चाकांवरच्या घरातला रेग्युलेटर

श्रोतेहो, नमस्कार.

सुट्ट्या लागल्या की नागपुरातून गाड्या पेंच, ताडोबा, चिखलदऱ्याच्या वाटेला लागतात. अलीकडे त्यांत कॅरॅव्हॅनही दिसू लागल्या आहेत. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण आमच्यासारख्या काही हौशी कुटुंबांनी जुनी मिनीबस घेऊन तिच्यात आपल्या सोयीनं बिछाने, ओटा आणि शेगडी बसवून घेतली. त्या ओट्याखाली गॅस सिलेंडरवर तळहाताएवढा एक रेग्युलेटर असतो. आज त्याच्याबद्दलच बोलायचं आहे, कारण तो बिघडला की नेमकं काय करावं हे ठाऊक नसलेली माणसं भलतंच काहीतरी करून बसतात.

त्याचं काम आधी समजून घेऊ. सिलेंडरच्या आत गॅसचा दाब दर चौरस सेंटीमीटरला कितीतरी किलो असतो, नागपूरच्या मे महिन्यात तर आणखी वाढतो. शेगडीला हवा असतो फक्त ३० ग्रॅम. एवढा फरक सांभाळतो एक रबरी पडदा आणि त्यावर बसलेली स्प्रिंग. पडद्याच्या वरच्या बाजूला झाकणात एक बारीकसं छिद्र असतं. पडदा वरखाली हलताना हवा तिथून ये-जा करते. हे छिद्र लक्षात ठेवा.

डिसेंबरात आम्ही चिखलदऱ्याला मुक्कामी होतो. पहाटे चहा ठेवला तर ज्योत करंगळीच्या पेराएवढी. दुसरा बर्नर लावला की पहिला विझायला यायचा. सगळ्यांनी एका सुरात रेग्युलेटरलाच दोष दिला. मी सिलेंडरवर हात ठेवून पाहिला. खालचा भाग बर्फासारखा गार, आणि तळाशी चार बोटांवर दवाची सरळ रेघ उमटलेली. म्हणजे गॅस तेवढाच उरला होता. सिलेंडरमधल्या ब्युटेनची वाफ होणं थंडीत मंदावतं; शून्याच्या आसपास तर ते जवळजवळ थांबतंच. त्यात गॅस वापरला जात असताना उरलेला द्रव आणखी गार होत जातो. सिलेंडर बाहेर काढून कोवळ्या उन्हात ठेवला. तासाभरात ज्योत पूर्ववत झाली. रेग्युलेटर ठणठणीत होता. गार सिलेंडरला उकळतं पाणी, शेकोटी किंवा हीटर दाखवायची बुद्धी मात्र कोणी करू नका. ऊन पुरेसं असतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं, एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा. ज्योत बारीक असेल तर आधी सिलेंडर, मग नळी कुठे दुमडली किंवा दबली आहे का, मग बर्नरची भोकं. सगळं ठीक असेल तर त्याच प्रकारचा खात्रीचा दुसरा रेग्युलेटर लावून पाहा. ज्योत सुधारली, की दोषी सापडला.

उलट बिघाड जास्त धोक्याचा. उन्हाळ्यात गाडी चार महिन्यांनी बाहेर काढली, शेगडी लावली तर ज्योत सूं सूं करत बर्नरपासून उचलली गेली, टोकं पिवळी, पातेल्याचं बूड काळं. लगेच बंद केलं. रेग्युलेटर उतरवून उजेडात धरला तर झाकणावरच्या त्या बारीक छिद्रावर कुंभारमाशीनं मातीचं इवलंसं घर बांधलं होतं. पडद्याला श्वास घ्यायला जागाच राहिली नव्हती. आई म्हणाली, "सुई घाल न, मोकळं होऊन जाईल." तिचं म्हणणं समजण्यासारखं होतं, पण छिद्राच्या मागेच तो पडदा असतो. सुईचं टोक लागलं की गॅस त्याच छिद्रातून बाहेर. रेग्युलेटर उघडायचा नाही, खरवडायचा नाही, स्क्रू पिळायचा नाही. गॅस एजन्सीत कार्ड घेऊन गेलो आणि बदलून आणला.

गळती शोधायची तर वाटीत साबणाचा दाट फेस करा आणि ब्रशनं लावा. काडी पेटवून तपासणारी माणसं मी पाहिली आहेत, अंगावर काटा येतो. फुगे सिलेंडर आणि रेग्युलेटरच्या सांध्यावर आले तर बहुतेकदा सिलेंडरच्या तोंडातलं वायसर खराब असतं, तो सिलेंडर बदलून घ्यायचा. फुगे नळीच्या टोकाला आले तर नळी. आयएसआय खुणेची सुरक्षा नळी ५ वर्षांनी बदलायचीच, तिच्यावर साल छापलेलं असतं. आणि फुगे झाकणावरच्या छिद्रातून आले, तर पडदा फाटला. त्या रेग्युलेटरला पुन्हा हात लावू नका.

घरच्या स्वयंपाकघरापेक्षा गाडीत ही काळजी दुप्पट हवी, याचं कारण साधं आहे. हा गॅस हवेपेक्षा जड. घरात तो दाराखालून निघून जाऊ शकतो, गाडीत तो पलंगाखालच्या पेटीत, चाकाच्या खोबणीत साचून बसतो. म्हणून सिलेंडरची पेटी गाडीच्या आतल्या बाजूनं हवाबंद आणि तिच्या तळाला बाहेर उघडणारं भोक हवं. ते भोक चिखलानं बुजलंय का, दर प्रवासाआधी बघा. सिलेंडर उभाच बांधायचा; आडवा झाला की द्रव गॅस रेग्युलेटरमध्ये शिरतो. गाडी चालू करण्याआधी रेग्युलेटर काढून सिलेंडरला टोपी लावायची. उमरेड रोडचे खड्डे आठवा, म्हणजे का ते कळेल.

वास आला तर पंखा, दिवा, इन्व्हर्टर, कशाचंही बटण दाबू नका. चालू असलेलंही बंद करायला जाऊ नका. आधी सगळ्यांना खाली उतरवा, हाताला सहज लागला तर रेग्युलेटर बंद करा, दारं उघडी टाका आणि लांब जाऊन १९०६ लावा. हा क्रमांक गॅसगळतीसाठी चोवीस तास चालू असतो. आमच्या गाडीत तो दाराच्या आतल्या बाजूला लाल रंगात लिहिला आहे, लहान पोरालाही वाचता येईल एवढ्या मोठ्या आकड्यांत.

नमस्कार.