पॉल केनचं चित्र पारखताना

२५ फेब्रुवारी २००२, टोरांटो. सदबीजच्या लिलावात एकोणिसाव्या शतकातला कॅनेडियन चित्रकार पॉल केन याच्या एका तैलचित्रावर हातोडा पडला तो ४६ लाख कॅनेडियन डॉलरला. त्यावर खरेदीदाराला भरावं लागणारं कमिशन चढलं आणि रक्कम झाली ५०,६२,५००. कॅनडातल्या चित्रांचा हा विक्रम २०१६ पर्यंत टिकला.

चित्रात पुढे आहे ब्रिटिश सर्वेक्षक जॉन हेन्री लेफ्रॉय. मागे टिपी, म्हणजे कातड्याचा उंच तंबू, स्लेज म्हणजे बर्फावरची घसरगाडी ओढणारे कुत्रे आणि तिथले मूळ रहिवासी. शीर्षकात नाव मात्र एकट्या लेफ्रॉयचं. हे खटकतं, आणि खटकायलाच हवं.

१८४५ ते १८४८ या काळात केन ग्रेट लेक्सपासून पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत फिरला. सातशेच्या आसपास रेखाटनं घेऊन परतला आणि टोरांटोत बसून त्यांवरून मोठी तैलचित्रं रंगवली. घोळ झाला तो इथे. असिनिबॉइन या मूळ रहिवासी समाजाची बायसनची शिकार दाखवणारं त्याचं प्रसिद्ध चित्र बघा. घोडे थेट अरबी वळणाचे. कारण मांडणी उचलली आहे १८१६ च्या एका इटालियन छापचित्रातून, जिथे दोन तरुण बैलामागे लागलेत! दुसऱ्या एका चित्रात कपाळ चपटं केलेली बाई आणि पाळण्यात बांधलेलं मूल मायलेकरं वाटतात. पण दोघांची रेखाटनं वेगळी, समाजही वेगळे.

म्हणून केनचं तैलचित्र विक्रीला आलं, की आधी त्याचं मूळ रेखाटन शोधायचं. बरीचशी टोरांटोच्या रॉयल ओंटारिओ म्युझियममध्ये आणि टेक्ससमधल्या ऑरेंज गावच्या स्टार्क म्युझियममध्ये आहेत. पेहराव, चेहऱ्यावरचे रंग, दागिने एकेक करून ताडून बघायचे. आमच्या मते माहितीचा खरा ऐवज त्या लहान कागदांतच आहे, बाजार कितीही तैलचित्रांमागे धावो.

मग कॅनव्हास उलटा करायचा. मागे दुसरं कापड चिकटवलेलं असेल, तर पुढचा रंग तिरप्या उजेडात तपासायचा. ते चिकटवताना गरम इस्त्रीच्या दाबाने रंगाचे उंचवटे बसलेले असू शकतात. अतिनील दिव्याखाली जुनं व्हार्निश हिरवट चमकतं, त्यावर नंतर मारलेला रंग काळपट डागासारखा उठून दिसतो.

जलरंगाचा कागद असेल, तर फ्रेममधून बाहेर काढूनच बघायचा. फ्रेममधल्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली झाकलेल्या कडेचे रंग बाकीच्या चित्रापेक्षा गडद निघाले, तर उघडे रंग उजेडाने उडालेत. ते परत आणता येत नाहीत. बोली लावायची ती हे धरूनच.