पाच रूपांचा र

[दादरची गल्ली. सकाळ. पत्र्याची पाटी, सुतळी, खडू.]

आधी सुतळीला खडू चोळायचा. दोन्ही टोकं ताणून धरायची, मधोमध चिमटीत उचलायची आणि सोडायची. टप्. पत्र्यावर पांढरी सरळ रेघ उमटते. ही शिरोरेषा. मराठी अक्षर या रेघेला लटकलेलं असतं, म्हणून पेंटरकाका वरून खाली येतात.

पाटी एका केटररची आहे. दुकानाचं नाव कालच झालं. आम्ही पोचलो तेव्हा ते वाळत होतं. आज खालच्या ओळी. ‘लग्नकार्यासाठी आचाऱ्यांची सोय’. त्याखाली ‘महाराष्ट्रीय जेवण’. आणि कोपऱ्यात ‘प्रो.’, पुढे मालकाचं नाव.

[ब्रशचं टोक, अगदी जवळून.]

आता फक्त र कडे बघा. ‘कार्य’मध्ये तो य च्या डोक्यावर बसला, रफार झाला. ‘आचाऱ्यां’मध्ये तोच र पापणीसारखा आडवा होऊन य ला चिकटला. ‘महाराष्ट्रीय’मध्ये दोनदा आला: ‘रा’मध्ये सुटा, ऐसपैस, आणि पुढे ट च्या पायाखाली दोन काड्यांचा तंबू होऊन. ‘प्रो’मध्ये प च्या दांड्याला नुसती तिरकी रेघ. एका पाटीवर र ची पाच रूपं. काकांनी त्यासाठी पुस्तक उघडलं नाही. हात टेकवायच्या काठीवर मनगट फिरलं, संपलं.

रफार आणि पापणी यांत गल्लत झाली असती तर पाटीवर ‘आचार्यांची सोय’ लागली असती. वऱ्हाडाला जेवण कोणी रांधलं असतं, देव जाणे.

काका स्वतःला पेंटर म्हणवतात. बाकीचेही तेच म्हणतात. कोणतं अक्षर किती रुंद, कुठे जागा सोडायची, रस्त्यापलीकडून काय दिसेल आणि काय नाही, हे सगळं ठरवतो तो माणूस. या कामाला शहरातल्या काचेच्या ऑफिसात वेगळं नाव आहे आणि वेगळी फी आहे. असो.

[बंद छापखाना. लाकडी केस. बोटांत एक खिळा.]

पेंटर र काढतो तो एकदाच, त्या पाटीपुरता. छापखान्याला तोच र हजारदा लागतो.

हा खिळा. शिशाचा. टोकावरचं अक्षर उलटं आहे, आरशात धरल्यावर सरळ दिसतं. तो असा घडायचा: पोलादाच्या दांडीच्या टोकावर कारागीर कानशीने आणि टोचणीने उलटं अक्षर कोरायचा. हा पंच. पंच तांब्याच्या तुकड्यावर ठोकला की सुलट खड्डा पडतो, ती मातृका. मातृका साच्यात बसवायची, शिसं, अँटिमनी आणि कथील यांचा रस ओतायचा, आणि निघालेल्या खिळ्याच्या कडा घासायच्या. मुंबईत 1869 साली निर्णयसागर छापखाना काढणाऱ्या जावजी दादाजी चौधरींनी लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात हेच घासायचं काम केलं होतं. पुढे निर्णयसागरच्या खिळ्यांनी संस्कृत आणि मराठी छपाईला जे वळण दिलं, ते आपल्या डोळ्यांत इतकं मुरलं आहे की छापील देवनागरी म्हटलं की तेच आठवतं.

[केसचे कप्पे, एकेक करून.]

जुळारी म्हणजे खिळे जुळवून मजकूर रचणारा, आणि केस म्हणजे त्याच्या खिळ्यांची कप्प्यांची पेटी. इंग्रजी जुळाऱ्याची केस दोन हातांच्या टप्प्यात मावते. मराठी जुळाऱ्याला चहूबाजूंनी केसनी वेढलेलं असायचं. अर्धा क, अर्धा ख, क्ष, त्र, श्र, सुट्या मात्रा, सुटे उकार. र चे तर किती कप्पे, मोजत बसा. लोकमान्य टिळकांनीसुद्धा खिळ्यांची ही संख्या कमी करण्यात डोकं घातलं होतं. अक्षर देखणं हवं, वाचता यायला हवं, आणि आता कप्प्यांतही मावायला हवं. अक्षर काढणाऱ्याच्या डोक्याला हा नवा ताप.

[टायपिंग क्लास. कड्‌-कड्‌-कड्‌.]

टाइपरायटरवर कप्प्यांची चैनही गेली. मोजक्या कळा, त्यांतच सगळी बाराखडी. दांडा वेगळा, अर्धं अक्षर वेगळं. मराठी 30 शब्द प्रतिमिनिट आणि 40 शब्द प्रतिमिनिट, या दोन परीक्षांवर कित्येक घरांतली पहिली सरकारी नोकरी उभी राहिली.

[पवई. आयआयटीचं आवार, झाडं, पायऱ्या.]

पवईला 1969 साली औद्योगिक अभिकल्प केंद्र सुरू झालं. हे नाव कोणी उच्चारत नाही, सगळे आयडीसी म्हणतात. नावात ‘औद्योगिक’ होतं, कारण तेव्हा डिझाइन म्हणजे वस्तू, यंत्रं. आज तिथे दृश्यसंवाद आहे, ॲनिमेशन आहे, इंटरॅक्शन आहे, वाहनं आहेत. या फैलावाचा अर्थ लावायला चर्चासत्रं भरतात. आम्ही एका अक्षराच्या मागे जाणार आहोत.

1983 साली तिथे र. कृ. जोशी शिकवायला आले. मुळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी, मग उल्का या जाहिरात संस्थेत कलादिग्दर्शक. शिवाय कवी, लघुअनियतकालिकांच्या, म्हणजे जमेल तेव्हा निघणाऱ्या छोट्या साहित्यिक अंकांच्या पिढीतले. बोरू हातात धरणारा हा माणूस निवृत्तीनंतर संगणकाच्या प्रयोगशाळेत जाऊन बसला आणि त्याने ‘मंगल’ हा देवनागरी फाँट घडवला. विंडोज 2000 बरोबर तो जगभर गेला. सरकारी कार्यालयात मराठी पत्र टाइप केलंत तर बहुधा त्यांचंच अक्षर तुमच्या हाताखालून गेलं आहे. मंगल देखणा नाही, असं छपाईवाले म्हणतात. मलाही तो कागदावर आवडत नाही. पण तो कागदासाठी नव्हताच. त्या वेळच्या पडद्यावरच्या मोजक्या ठिपक्यांत पापणीचा र उघडा ठेवायचा होता.

[पडदा. कीबोर्डवर बोटं.]

आता हे नीट बघा. ‘कि’ टाइप करताना बोटं आधी क दाबतात, मग वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी क च्या आधी येते. ती तिथे सरकवली कोणी? नियमाने. र, मग हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडणारं चिन्ह, मग य दाबलं की र उडी मारून य च्या डोक्यावर बसतो. हाही नियम. आणि ‘ऱ्य’ हवा असेल तर इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या कीबोर्डवर शिफ्ट धरून जे दाबायचा. खाली टिंब असलेला ऱ उमटतो. संगणकासाठी जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारा तक्ता म्हणजे युनिकोड. हा ऱ त्या तक्त्यात आला दक्षिणेकडच्या भाषांतला एक उच्चार देवनागरीत लिहिण्यासाठी. आपली पापणी त्याच्याच घरात भाडेकरू म्हणून राहते. त्यापुढे हलन्त आणि य दाबा. झाली पापणी.

म्हणजे फाँट करणारा आता र काढून थांबत नाही. कोणाच्या शेजारी आल्यावर र ने कसं वागायचं, तेही तोच लिहून ठेवतो. नियम विसरला की ‘आचाऱ्यांची’ मोडते, र चा पाय तुटका दिसतो. पूर्वी तर प्रत्येक कंपनीच्या फाँटची आतली मांडणी वेगळी. एका संगणकावरचा लेख दुसऱ्यावर उघडला की नुसती खिचडी. आणि ‘ॲ’? ‘ॲप’मधला, ‘ॲसिडिटी’मधला? त्याला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली 2008 साली.

[मुंबईतला स्टुडिओ. भिंतीवर जाडजूड ‘मोदक’.]

मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचा हा फाँट, मोदक. नावासारखाच गुबगुबीत, अक्षरातल्या पोकळ्यांच्या नुसत्या फटी उरल्या आहेत. त्यांचे मुक्ता आणि बालूसुद्धा फुकट उतरवून घेता येतात. तुम्ही ते वापरले असतील. करणाऱ्यांची नावं तुम्हाला माहीत नसतील.

[बाजार. किमतीच्या पाट्या.]

हे चिन्ह बघा, ₹. 15 जुलै 2010 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ते मंजूर केलं. रचना उदयकुमार यांची. तेव्हा ते आयडीसीतच जुन्या तमिळ मुद्राक्षरांवर पीएच.डी. करत होते. देवनागरी र, त्यात रोमन आर, आणि शिरोरेषेखाली आणखी एक रेघ. मंजुरी मिळाली त्या दिवशी ते एकाही कीबोर्डवर नव्हतं. युनिकोडने त्याच वर्षी त्याला जागा दिली, कळा मागाहून आल्या.

[फ्लेक्सचं यंत्र. शाईच्या नळ्या.]

फ्लेक्स आला आणि पाट्या रंगवण्याचं बरंचसं काम गेलं. 2022 साली महाराष्ट्राच्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली. दुकानांच्या पाट्यांवर मराठी देवनागरीत हवी आणि इतर लिपीपेक्षा लहान नको, असं ठरलं. मापाचं ठरलं, वळणाचं कोणी विचारलं नाही.

[पुन्हा दादर. दुपार. पाटी.]

मालक आले आहेत. पाटी पसंत आहे, पण खाली दर हवा म्हणतात. ‘ताट’, पुढे रुपयाचं ते नवं चिन्ह, मग आकडा. काका ब्रश पुसतात, पुन्हा बुडवतात. आधी र काढतात, नेहमीचा. थोडं मागे सरून बघतात. शिरोरेषेच्या खाली दुसरी रेघ हवी. सुतळी पिशवीत गेली आहे. काका ती बाहेर काढत नाहीत.