जन्मतारीख एक दिवस मागे का जाते?

तर मंडळी, सुरुवात एका बगपासून करतो, माझ्या हातून झालेल्या. फॉर्ममध्ये लोक जन्मतारीख भरायचे, १५ तारीख भरली की स्क्रीनवर १४ दिसायची, आणि तीही सगळ्यांना नाही, काहींनाच. दोन दिवस मी डेटाबेसवर संशय घेत बसलो. डेटाबेसचा काही दोष नव्हता. मी जन्मतारीख ठेवली होती डेट ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे यूटीसीच्या (जगाच्या प्रमाणवेळेच्या) मध्यरात्रीचा क्षण म्हणून, आणि न्यूयॉर्कमधल्या ब्राउझरने तोच क्षण आपल्या घड्याळात बघितला तर तिथे अजून आदल्या दिवसाची संध्याकाळ होती.

आता विचार करा, जन्मतारीख हा क्षण आहे का? नाही ना. ती कॅलेंडरवरची एक खूण आहे, तिला तासही नाही आणि टाइमझोनही नाही. पेमेंट झालं तो मात्र खरोखर क्षण, जगात कुठूनही बघा, तोच. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत तर त्यांचे क्लासही (क्लास म्हणजे ऑब्जेक्ट बनवायचा साचा) वेगळेच हवेत, माझं आजचं सगळं म्हणणं याच्याभोवतीच आहे.

जाव्हा या प्रोग्रामिंग भाषेचा जुना डेट क्लास १९९६ पासूनचा, आणि त्यात हे सगळं एकत्र कोंबलेलं. त्याला २०२४, १, १५ असे आकडे दिले तर मिळते १५ फेब्रुवारी ३९२४, कारण वर्ष १९०० पासून मोजायचं आणि महिने शून्यापासून. पण मला त्याहून जास्त खटकतं ते हे की तो ऑब्जेक्ट बदलता येतो. ऑर्डरच्या गेटरने आतली तारीख बाहेर दिली, कुणीतरी रिपोर्टसाठी तिच्यावर सेटर (ती बदलणारी मेथड) चालवला, की ऑर्डरची तारीख गुपचूप बदलली, एनकॅप्सुलेशन, म्हणजे आतला डेटा बाहेरच्यांपासून जपणं, गेलं!

२०१४ साली जाव्हा ८ आलं, त्यात लोकलडेट (नुसती तारीख), इन्स्टंट (क्षण), झोन्डडेटटाइम (झोनसकट तारीख-वेळ) असे वेगवेगळे क्लास मिळाले आणि सगळे इम्युटेबल, म्हणजे एकदा बनले की न बदलणारे. सवय व्हायला वेळ लागतो हं, नवीन मुलं दिवस मिळवणारं प्लसडेज नुसतं कॉल करतात, त्यातून परत येणारी नवी तारीख, म्हणजे रिटर्न व्हॅल्यू, कुठे ठेवतच नाहीत आणि मग म्हणतात तारीख पुढे गेलीच नाही.

मग "एक दिवस" आणि "२४ तास" हे तरी एकच का? ९ मार्च २०२४, न्यूयॉर्क, सकाळचे ९. यात पिरियड (कॅलेंडरचे दिवस मोजणारा क्लास) वापरून एक दिवस मिळवला तर दुसऱ्या दिवशीचे ९ येतात, ड्युरेशन (नेमके तास-सेकंद मोजणारा) वापरून २४ तास मिळवले तर १०, कारण त्या रात्री उन्हाळी वेळेसाठी तिथली घड्याळं २ वरून थेट ३ वर गेली. औषधाचा डोस दर २४ तासांनी असेल तर दुसरं बरोबर, अलार्म रोज सकाळचा असेल तर पहिलं. हे लायब्ररी ठरवू शकत नाही, ते तुम्हीच ठरवायचं.

"सगळं यूटीसीमध्ये ठेवा" हा सल्ला झालेल्या घटनांसाठी चांगला आहे. पुढच्या वर्षीच्या मीटिंगला तो पुरत नाही, कारण सरकारं नियम बदलतात, सामोआने तर २०११ मध्ये ३० डिसेंबर हा दिवसच गाळला. अशा पुढच्या मीटिंगसाठी स्थानिक वेळ आणि झोनचं नाव, दोन्ही साठवा.

शेवटचं टेस्टिंगचं. क्लासच्या आत थेट नाऊ (आत्ताची वेळ देणारी मेथड) कॉल करू नका, कन्स्ट्रक्टरमधून, म्हणजे ऑब्जेक्ट बनवतानाच, वेळ सांगणारं क्लॉक बाहेरून घ्या, मग टेस्टमध्ये फिक्स्ड, म्हणजे एकाच वेळेवर थांबलेलं, क्लॉक देऊन २९ फेब्रुवारी २०२४ हवी तेव्हा आणता येते. त्या तारखेला वार्षिक सबस्क्रिप्शन सुरू करून बघा: एकेक वर्ष करत चारदा मिळवलं तर २८ फेब्रुवारी २०२८ येते (२०२५ मध्ये २९ नाही, म्हणून तारीख २८ वर येते आणि तिथेच राहते), एकदम चार वर्षं मिळवली तर २९. म्हणून रिन्यूअल नेहमी मूळ तारखेपासून मोजा, मागच्या रिन्यूअलपासून नको.