तीन सुऱ्या आणि आखाडाचा बकरा

(पडद्यावर : मटणाच्या दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा. एक हात त्यावर सुरी ठेवतो.)

३१० ग्रॅम.

ठाणे, उथळसर. सकाळचे अकरा. ज्या काट्यावर रोज अर्धा किलो चाप आणि पाव किलो कलेजी भरते, त्यावर आज सुऱ्या चढल्यात. काटा काकांचा. सुऱ्या माझ्या धाकट्या भावाच्या. तो मोंटानात राहतो, म्हणजे अमेरिकेच्या उत्तरेला, कॅनडाच्या सीमेला लागून. तिथे ऑफिसातल्या लोकांबरोबर त्याला शिकारीचा नाद लागला. रीतसर परीक्षा देऊन परवाना काढला. १ जानेवारी १९८५ नंतर जन्मलेल्याला तिथे शिकारीचा कोर्स केल्याशिवाय परवाना मिळतच नाही. आता येत्या मोसमात तो एल्क नावाच्या मोठ्या हरणाच्या मागे डोंगरात जाणार आहे, आणि बरोबर कुठली सुरी न्यावी हे त्याला ठरवता येत नाहीये.

तीन आणल्यात त्याने. चेक-इनच्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून.

आमच्या आजोबांचं हे दुकान. बाबा बँकेत लागले, काका दुकानात राहिले. भावाने बंदूक धरल्याचं घरात कुणालाच फारसं रुचलेलं नाही. आईने तर दोन दिवस अबोला धरला. काकांनी मात्र एकच विचारलं, "मारल्यावर सोलतो कोण?"

"मीच, काका."

"मग आण बघू तुझी हत्यारं."

(पडद्यावर : दुसरी सुरी काट्यावर. मग तिसरी.)

३१० ग्रॅमवाली पहिली. सहा इंची जाड पातं, आणि पात्याच्या पाठीला एक आकडा. जनावराच्या पोटाला छोटी चीर द्यायची, आकडा आत अडकवायचा आणि चेन उघडावी तसं ओढत जायचं, अशी कल्पना. दुसरी भरली ७४. प्लास्टिकची मूठ, तिला ऑपरेशनच्या ब्लेडसारखं पातळ पातं. धार गेली की पातं काढून फेकायचं आणि पाकिटातलं नवं लावायचं. दगड नको, सळई नको. तिसरी स्वीडनमधल्या मोरा गावची, नावही तेच. साधारण दहा सेंटिमीटरचं पातं, रबरी मूठ, तीही भगव्या रंगाची. म्यानासकट १२० च्या आतबाहेर. तिन्हींत स्वस्त हीच.

भगवी मूठ बघून काका हसले. "ही लहान पोरांची का रे?"

भावाने समजावलं. गवतात, बर्फात, रक्ताने माखलेल्या पाचोळ्यात सुरी खाली ठेवली की हरवते. लाकडी मुठीची तर हमखास.

मग काकांनी स्वतःची सुरी काट्यावर ठेवली. ९२. पॉवर हॅक्सॉच्या, म्हणजे लोखंड कापायच्या यंत्राच्या, जुन्या पात्यापासून एका लोहाराने बनवलेली. वीस वर्षांपूर्वी तिचं पातं दोन बोटं रुंद होतं, आता जेमतेम एक उरलंय. काका म्हणतात, नवी होती तेव्हा दीडशे तरी भरली असती, बाकीचं दगडाने खाल्लं.

(पडद्यावर : भावाच्या फोनमधला फोटो. बर्फाळ उतार, पाठीवर मोठी पिशवी घेतलेला माणूस.)

ग्रॅम मोजायचं कारण या फोटोत आहे. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या जातकुळीतलं, पण त्याहून थोराड हरिण. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोच्या घरात जातो. गाडीपासून पाच-सहा किलोमीटर वर, उतारावर पडलेला. त्याला अख्खा उचलता येत नाही, ओढताही येत नाही. पडला तिथेच कापायचा आणि मांस पाठीवरून खाली आणायचं. हाडं काढली तरी शंभर किलोच्या आसपास भरतं. म्हणजे चार-पाच खेपा. पाठीवर तंबू, पाणी, दोर, कापडी पिशव्या, बंदूक. त्यात सुरीचं वजन म्हणजे सगळ्यात किरकोळ हिशेब, असं मला वाटलं होतं. भाऊ म्हणाला, दिवसभर डोंगर चढलास की खिशातला रुमालपण जड होतो.

आणि घाई असते. मेल्यावरही जनावराचं अंग तापलेलंच असतं. वर जाड कातडं आणि केस, आत पोटात आंबणारा चारा. मांडीच्या हाडाजवळची ऊब लवकर जात नाही, मांस तिथूनच आंबायला लागतं. म्हणून आधी आतडी बाहेर, मग कातडं, मग मांसाला हवा. सप्टेंबरात धनुष्यबाणाची शिकार सुरू होते तेव्हा तिथे दुपारी चांगलंच ऊन असतं. बंदुकीचा मोसम ऑक्टोबरच्या शेवटी, तेव्हा थंडी मदतीला येते. पण मोंटानात ग्रिझली अस्वलं आहेत. बाहेर काढलेल्या आतड्यांच्या वासावर ती येतात. एकाने कापायचं, दुसऱ्याने अस्वलासाठीचा मिरचीचा स्प्रे हाताशी ठेवून झाडीकडे बघत राहायचं.

काकांनी हे सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "दुकानात बसून सुरी कळत नसते. रविवारी ओवळ्याला चल."

(पडद्यावर : घोडबंदर रोड. पाऊस. मेट्रोचे खांब, मागे हिरवा डोंगर.)

ओवळ्याला काकांचे एक दोस्त आहेत. गावठाणात घर, चहूबाजूंनी टॉवर, पण अंगण शाबूत आणि अंगणात आंबा. आषाढाचा शेवटचा रविवार, दर वर्षीचा आखाडाचा बकरा. एकदा श्रावण लागला की महिनाभर काही नाही. बकरा कापताना कॅमेरा बंद ठेवायचा ही दोस्ताच्या आईची अट होती, ती आम्ही पाळली. पुढचं सगळं आंब्याच्या फांदीखाली. वर ताडपत्री, तरीही पाऊस तिरका आत येत होता.

डोंगरातल्याच्या जवळ जाणारं यापेक्षा काही आम्हाला ठाण्यात मिळालं नसतं. ओला हात, चिखल, अंधूक उजेड. पलीकडे दिसतोय तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर. तिथे सांबर आहे, चितळ आहे, पण त्यांना हात लावायचा नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवाना काढून शिकार करायची वाटही बंद झाली. त्या डोंगरात शिकारीचा हक्क आता फक्त बिबट्याचा. तोही आधी पोट उघडतो, वजडीची पिशवी बाजूला काढून टाकतो आणि भक्ष्य तिथून लांब ओढून नेतो. सुरी न घेता काम तेच.

(पडद्यावर : आकड्याची मोठी सुरी, ओल्या हातात.)

पहिली मोठी. आकड्याने वीतभर चीर सुरेख गेली, भाऊ खूश झाला. पुढच्या वितीला आकड्यात केस आणि चरबी अडकली. काढली, पुन्हा अडकली. त्या वाकड्या खाचेला दगडावर धार लावता येत नाही, गोल कानस लागते. मुख्य कामाला तर ती आलीच नाही. मागची वाट मोकळी करायची असते तेव्हा सुरीचं टोक कमरेच्या हाडांमध्ये गोल फिरावं लागतं. तिथे सहा इंची पातं म्हणजे अरुंद बोळात ट्रक. काकांनी ती दोन मिनिटांत खाली ठेवली. "ही नारळ फोडायला घे."

मग काकांनी स्वतःची रीत दाखवली, ती मी जवळून टिपली आहे. पोटाला बोटभर चीर. चिरेत डाव्या हाताची दोन बोटं, इंग्रजी व्हीसारखी. त्या दोन बोटांच्या बेचक्यात सुरीचं टोक, धार वर, आभाळाकडे. बोटं पुढे सरकतात, आतडी खाली दाबून धरतात, आणि सुरी आतून बाहेर कापत जाते. आतून कापल्याने दोन गोष्टी साधतात. आतली पोटाची पिशवी फुटत नाही, आणि धार केसांवर पडत नाही. केसांत माती असते, रेती असते. बाहेरून कापणाऱ्याची सुरी अर्ध्यातच बोथट होते आणि मग तो सुरीला शिव्या देतो.

"पोट फुटलं तर धुता येईल," काका म्हणाले. "लघवीची पिशवी फुटली तर तेवढा भाग फेकावा लागेल. पण पित्त फुटलं ना, तर कलेजी गेली. आधी पित्त बघायचं. माझ्या बापाने पहिली थोबाडीत मारली ती पित्तासाठी."

हे ते दिवसभरात चार वेळा म्हणाले. भाऊ मान डोलावत होता.

(पडद्यावर : बदलत्या पात्याची सुरी कातड्याखाली.)

७४ ग्रॅमवालीचं कौतुक करायलाच हवं. ती कातड्याखाली गेली तेव्हा काका बोलायचे थांबले. काही कापतंय असं वाटतच नव्हतं, कातडं आपणहून सुटत होतं. इतकं, की एकदा कातड्याच्या आरपार गेली आणि काकांना कळलंही नाही. मग मागच्या पायाचा सांधा आला. इतक्या वर्षांच्या सवयीने काकांनी पातं सांध्यात घातलं आणि जरासं पिळलं.

टक.

पात्याचं टोक गेलं. कुठे गेलं, ते दिसेना. पुढची वीस मिनिटं आम्ही पाच माणसं मोबाइलच्या टॉर्चने मांडीतला एक तुकडा शोधत होतो. सापडला तो सांध्याच्या पांढऱ्या चिवट पट्ट्यात, भाताच्या शिताएवढा. तोवर दोस्ताच्या आईने मसाला परतायला घेतला होता आणि खिडकीतून विचारत होती, मटण येतंय की नाही.

दोष सुरीचा की काकांचा? माझ्या मते काकांचा, आणि त्यांना ते मान्य नाही. ते पातं कापायला बनवलंय, पिळायला नाही. पण थकलेला माणूस, अंधार पडत आलेला, बोटं गारठलेली. अशा वेळी हात नियम वाचून काम करत नाही, सवयीने करतो. आणि डोंगरात टॉर्च धरायला पाच माणसं नसतात.

(पडद्यावर : काकांची मूठ. सुरी बाजूला पाटावर.)

इथे एक गोष्ट मला संकलन करताना दिसली, प्रत्यक्षात लक्षात आली नव्हती. बकरा सोलायला काकांना अठरा मिनिटं लागली. त्यात सुरी हातात होती ती जेमतेम सहा. बाकीचा वेळ मूठ. घोट्यापाशी गोल चीर, मांडीच्या आतून एक रेघ, आणि मग सुरी खाली. कातडं आणि मांस यांच्यामध्ये मूठ घालून अंगठ्याच्या हाडाने रेटत जायचं. अंग गरम आहे तोवर ते मोजा उतरावा तसं उतरतं. गार पडलं की चिकटतं आणि मग बोट-बोटभर सोडवायलाही सुरी लागते.

भाऊ हे बघून थोडा ओशाळला. त्याने दीड महिना सुऱ्यांचे व्हिडिओ पाहिले होते, पोलादांची नावं पाठ केली होती. मुठीचा उल्लेख त्यात कुठे नव्हता म्हणे. निदान त्याला आठवत तरी नव्हता.

शेवटची मोरा. जेमतेम अडीच मिलिमीटर जाडीचं पातं, त्यामुळे मांसात सहज शिरतं. पोटापाशी टोक किंचित खाली उतरलेलं, त्यामुळे ते आतड्यांत रुतत नाही. चरबीने माखलेला हात मुठीवरून पुढे सरकला नाही, कारण मुठीला पुढे छोटी आड आहे. काकांच्या सुरीला ती नाही, आणि त्यांच्या तर्जनीवरचा पांढरा व्रण त्याची साक्ष आहे. मोराने सांधा सोडवला. कापता कापता धार उतरली, ती काकांनी सळईवर चार हात मारून परत आणली. गंज धरणार नाही असं पोलाद आहे, हे मात्र त्यांना आवडलं नाही. त्यांच्या मते ज्या सुरीला गंज चढत नाही, तिला धारही मनापासून चढत नाही. त्यावर काका-पुतण्याचा बराच वाद झाला, तो मी गाळलाय.

जेवताना भावाने आणखी एक सांगितलं. तिकडच्या हरणांत एक मेंदूचा रोग पसरलाय, मोंटानातल्या रानटी हरणांत तो २०१७ मध्ये पहिल्यांदा सापडला. म्हणून हातमोजे घालायचे, पाठीचा कणा कापायचा नाही, आणि भेजा खायचा नाही.

काकांचा घास थांबला. "भेजा नाही? मग एवढा डोंगर चढायचा कशाला?"

(पडद्यावर : विमानतळाच्या वाटेवर, रात्र. मांडीवर बॅग.)

जाताना मोठी सुरी इथेच राहिली. दुकानात ती आता खरंच नारळाला वापरतात. मोरा बॅगेत गेली. बदलत्या पात्याचीही गेली, पण फक्त कातड्यासाठी, सांध्याला लावायची नाही अशी शपथ घेऊन. काकांनी सळईचा वीतभर तुकडा कापून दिला. दोन सुऱ्या आणि सळई, तिन्ही मिळून काट्यावर २६० च्या आत. मोठी एकटी ३१० होती.

(पडद्यावर : दुकान, नोव्हेंबर. फोनवर व्हिडिओ कॉल, चित्र तुटक.)

नोव्हेंबरात, दुकान उघडायच्या वेळेला फोन आला. तिकडे रात्र. भावाच्या कपाळावर दिवा, मागे बर्फ, दाढीत बर्फ. मांसाच्या चार पांढऱ्या पिशव्या गाडीत चढल्या होत्या, एक खेप बाकी होती. काकांनी कसा आहेस वगैरे काही विचारलं नाही.

"पित्त फुटलं का?"

"काका, पित्त नव्हतंच."

"नीट बघितलंस का? कलेजीच्या खाली, हिरवी पिशवी."

"दोनदा बघितलं. हात घालून बघितलं. माझ्याबरोबरचा माणूस हसतोय. हरणाला पित्ताची पिशवीच नसते, काका. एल्कलाही नसते."

मी नंतर एका पशुवैद्याला विचारलं. खरं आहे. हरणांच्या कुळात पित्ताशय नसतो. आपल्या चितळालाही नाही, सांबरालाही नाही. ओवळ्याहून दिसणाऱ्या त्या उद्यानाच्या डोंगरातल्या हरणांनाही नाही. पित्त बनतं, पण साठवायची पिशवी नाही.

काका फोन हातात धरून बराच वेळ गप्प होते. समोर गिऱ्हाईक उभं होतं, पाऊण किलो, मांडीचं. काकांनी फोन माझ्याकडे दिला, सुरी उचलली, सळईवर दोनदा ओढली.

"त्याला सांग, पुन्हा बघ म्हणावं. लपलं असेल."