शाफ्ट तुटतो कुठून?

हा तुटलेला शाफ्ट, म्हणजे यंत्रात फिरत शक्ती पोचवणारा दांडा, जवळून बघा. एका काठापासून आत सरकत गेलेल्या बारीक वळ्या दिसतात, शिंपल्यावर असतात तशा. उरलेला भाग खडबडीत, दाणेदार. वळ्यांच्या भागात चीर हळूहळू पुढे गेली. खडबडीत भाग शेवटच्या क्षणी तुटला, राहिलेल्या धातूला भार पेलेना तेव्हा. त्यामुळे ‘चालता चालता अचानक तुटला’ असं कुणी म्हणालं, तरी इथे तसं घडलेलं नाही.

आधी भाराचा हिशेब. १०० किलोवॉटची मोटर मिनिटाला १००० फेरे घेत असेल, तर शाफ्टवर साधारण ९५५ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पीळ, येतो. गिअरबॉक्सने फेरे १०० वर आणले की तोच टॉर्क जवळपास ९५५० होतो. शक्ती तेवढीच, पीळ दसपट! म्हणून गिअरबॉक्समधून बाहेर पडणारा शाफ्ट जाड असतो. पण दसपट जाड लागत नाही. व्यास दुप्पट केला की पीळ सोसायची ताकद आठपट होते, त्यामुळे सव्वादोनपटीत भागतं.

हिशेब चोख असूनही शाफ्ट तुटतात. १८४२ मध्ये व्हर्सायजवळ आगगाडीच्या इंजिनाचा आस तुटला आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढे प्रशियातले रेल्वे इंजिनिअर ऑगस्ट वोलर यांनी वर्षानुवर्षं आसांच्या चाचण्या घेतल्या. धातू एकदा सहज पेलतो तो भार लाखो वेळा उलटसुलट आला की तोच धातू थकतो, हे त्यांनी दाखवून दिलं. दोन शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगचं अलाइनमेंट बिघडलेलं असेल, म्हणजे ते एका रेषेत नसतील, तर फिरणारा शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात वाकवला जातो. १००० फेऱ्यांच्या वेगाने सतरा तासांत हे दहा लाख वेळा होतं.

चीर बहुतेकदा पृष्ठभागावर सुरू होते. कीवेचा, म्हणजे चाक शाफ्टवर घट्ट बसवायला कोरलेल्या खाचेचा, टोकदार कोपरा, गंजाचा खड्डा किंवा व्यास बदलतो तो खांदा. तिथे ताण एकवटतो. खांद्याला टर्नरने ठेवलेली गोलाई मिलिमीटरभर कमी पडली, तरी आयुष्य घटू शकतं. माझ्या मते ड्रॉइंगवरचा सगळ्यात जास्त दुर्लक्षिला जाणारा आकडा हाच.

अचानक येणाऱ्या भारासाठी काही यंत्रांत शिअर पिन असते, मुद्दाम कमजोर ठेवलेली खिळी. यंत्र अडकलं की आधी ती तुटते आणि शाफ्ट वाचतो. ती सारखी तुटते म्हणून तिच्या जागी कडक बोल्ट ठोकू नका. यंत्र कशामुळे अडकतंय ते शोधा, आणि पिन त्याच मापाची, त्याच धातूची घाला.