साठ पावलांवरची गिरणी

(तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या व्याख्यानमालेत एस.टी.च्या एका निवृत्त चालकाने केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

अध्यक्ष महाराज, कार्यवाह, आणि पंख्याखालच्या खुर्च्या वेळेआधी येऊन पकडलेल्या माझ्या मित्रांनो,

एकतीस वर्षं मी एस.टी.चं स्टेअरिंग धरलं, माईक आज पहिल्यांदा धरतोय. तेव्हा ब्रेक कुठे लावायचा ते मागच्यांनी सांगायचं. डबल बेल मिळाल्याशिवाय निघायचं नाही आणि सिंगल बेल मिळाल्याशिवाय थांबायचं नाही ही सवय अजून अंगात आहे. कार्यवाहांसमोर टेबलावर घंटा दिसतेय. एकदाच वाजवा, दोनदा वाजली तर मी आणखी सुटेन.

पत्रिकेवर विषय छापलाय, 'चौपदरी महामार्ग आणि स्थानिकांची वाहतूक : पाच सूचना'. हा मथळा कार्यवाहांचा. मी म्हटलं होतं, नुसतं 'गिरणी' लिहा. ते म्हणाले, गिरणीला माणसं येणार नाहीत. पाच सूचना आणल्यात, खिशात आहेत, शेवटी वाचतो. आधी गिरणी.

आमचं गाव मुंबई-गोवा महामार्गावर, कुडाळ आणि कणकवलीच्या मधलं. नाव घेत नाही. घेतलं की मिडलकटचा, म्हणजे डिव्हायडरमधल्या वळायच्या फटीचा, विषय निघेल, आणि आमचे सरपंच पहिल्या रांगेत बसलेत. घर हायवेच्या पूर्वेला, गिरणी पश्चिमेला. बेड्यातून, म्हणजे कुंपणाच्या फाटकातून, बाहेर पडायचं, पंधरा पावलं पाणंद, मग रस्ता, मग चिंचेखालून गिरणी. घरापासून मोजून साठ पावलं. मोजली कारण ड्रायव्हरला मोजायची खोड असते. आंबोळीचं पीठ संपलं की बायको म्हणायची, जरा टाकून या. मी बनियनवर जायचो, डबा ठेवायचो, गिरणीवाल्याशी दोन शब्द बोलायचो आणि चहा निवायच्या आत परत यायचो.

आता ऐका. आता रस्त्याच्या मधोमध डिव्हायडर आहे. आमच्या दारासमोरची बाजू गोव्याकडे जाणाऱ्यांची. म्हणजे स्कूटर काढली की तोंड गोव्याकडे करायचं. १.९ किलोमीटर खाली मिडलकट आहे, तिथे वळायचं आणि तेवढंच परत वर यायचं. झाले ३.८. पीठ घेतलं. आता गिरणीसमोरची बाजू मुंबईकडे जाणाऱ्यांची. मग ४०० मीटर मुंबईकडे जायचं, दुसऱ्या मिडलकटला वळायचं, परत ४०० मीटर. एकूण ४.६ किलोमीटर. एका पायलीच्या पिठासाठी मी थोडा गोव्याला जातो आणि थोडा मुंबईला. पहिल्या दिवशी हेल्मेट घालताना बायकोनं विचारलं, "अहो, गिरणीत चाललास की पणजीक?"

हसा, हसा. चुली तुमच्याही आहेत.

आता कुणीतरी म्हणेल, अहो, चालत जा की, साठच पावलं. मीही तेच म्हटलं होतं. चौपदरी रस्त्यावर मोटारीला ताशी १०० ची परवानगी केंद्रानं २०१८ च्या अधिसूचनेत दिली. ताशी १०० म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. रस्त्याची एक बाजू ओलांडायला, दोन पदर आणि कडेची पट्टी धरून, माझ्या गुडघ्यांना दहा सेकंद लागतात. म्हणजे मी पाऊल टाकताना जी गाडी २८० मीटरवर आहे, ती मी पलीकडे पोचेपर्यंत माझ्यापाशी आलेली असते. २८० मीटर म्हणजे आमच्या इथे वळणाच्या पलीकडे. दिसतच नाही. जुन्या रस्त्यावर गाड्या चाळीस-पन्नासनं यायच्या. नुसत्या आवाजावरून कळायचं, ट्रक आहे, लोड आहे, अजून वेळ आहे, चला. आता आवाज येतो आणि गाडी येते ते एकदमच. आमच्या शेजारची आजी, वय ऐंशीच्या पुढे, तिनं तर ओलांडणं सोडूनच दिलं. तिचं माहेरचं घर पलीकडे, गिरणीच्या मागे. ती म्हणते, "रस्तो मोठो झालो, पण गाव लांब गेलो."

माझा मुद्दा तिनं एका वाक्यात संपवला. मला अजून वीस मिनिटं आहेत.

मुद्दा असा. आमच्या गावात पूर्वी अलतड-पलतड हे शब्द फक्त नदीसाठी होते. आता पोरं हायवेसाठी वापरतात. 'तो पलतडचो' म्हणजे हायवेच्या पलीकडचा. शाळा अलतड, रेशन दुकान पलतड. तर हायवे ही आता नदी आहे असं धरा. नदीला उतार कुठे ते वाडवडिलांना ठाऊक होतं. जिथे उतार नाही तिथे त्यांनी साकव घातले, कुठे होडी ठेवली. या नव्या नदीला उतार म्हणजे मिडलकट आणि साकव म्हणजे बॉक्सवेल, हायवेखालून काढलेली वाट. पण कुठला माणूस कुठून कुठे जातो हे नकाशा काढताना कुणी विचारलं नाही. त्यांना पाणी दिसलं. काठावरची माणसं दिसली नाहीत.

दसऱ्याचं सांगतो. आमच्या देवाची तरंगं, म्हणजे देवाच्या सजवलेल्या काठ्या, सोनं लुटायला पलतड जातात. पूर्वी गाड्या आपोआप थांबायच्या, ड्रायव्हर खाली उतरून पाया पडायचे, मी स्वतः पडलोय, मागे पन्नास पॅसेंजर घेऊन. आता दोन पोरं लाल फडकी घेऊन दोनशे मीटर अलीकडे उभी करावी लागतात. गेल्या वर्षी गाऱ्हाण्यात मानकऱ्यांनी एक ओळ वाढवली, "हायवेर जातल्या-येतल्या लेकराबाळांका सांभाळ रे महाराजा!" आणि सगळे म्हणाले, "व्हय महाराजा!" इतक्या जोरात तर पावसासाठीसुद्धा कुणी म्हणत नाही.

आता एक कबुली देतो. पोलीस खात्यातलं कुणी असेल तर त्यांनी चहाला बाहेर जावं. गिरणीला जाताना गोव्याकडे १.९ किलोमीटर जाण्याऐवजी मी उलट, मुंबईकडच्या मिडलकटला गेलोय. कडेकडेनं. राँग साईडनं. तिथवर ४०० मीटर आणि पलीकडून खाली गिरणीपर्यंत आणखी ४०० मीटर. एकतीस वर्षांत एकही चलन नसलेला माणूस. मागे बायको, मांडीवर डबा, आणि समोरून येणारा प्रत्येक जण हेडलाईट मारून शिव्या देतोय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर उलट दिशेनं गाडी चालवणं हे धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरतात, दंड हजारापासून पाच हजारापर्यंत. मला पाठ आहे. तरी गेलो. दुसऱ्या वेळी समोरून एक कंटेनर आला. त्याची बिचाऱ्याची काहीच चूक नव्हती. त्याचा वारा असा लागला की डब्याचं झाकण उडालं, तळाचं जुनं पीठ उडालं आणि आम्ही दोघं दशावतारातल्यासारखे पांढरे झालो. त्यानंतर नाही गेलो. पण सकाळी सातला आमच्या दाराशी उभे राहा आणि मोजा. दूधवाला, शाळेची पोरं, मासेवाली, सगळे राँग साईड. ही माणसं काल बेशिस्त झाली का? काल त्यांचं घर होतं तिथेच आहे, शाळा होती तिथेच आहे.

कार्यवाह घड्याळाकडे बघतायत. बघू द्या, टायमिंगच्या बाबतीत मी कधी लेट नव्हतो. 

रस्ता वाईट असं मी म्हणत नाही. ज्यानं जुन्या १७ नंबरवर रातराणी चालवली तो असं म्हणणारच नाही. हा ६६ नंबर आमच्या तोंडात बसला नाही अजून, पनवेलपासून कन्याकुमारीपर्यंतचा नंबर बदलला तरी आम्ही १७ च म्हणतो. कशेडीचा घाट चढताना पुढे ऊस भरल्यासारखा हलणारा ट्रक असला की पाऊण तास त्याच्या मागे. आता बोगद्यातून दहा मिनिटं. आणि २ ऑगस्ट २०१६ ची रात्र. महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजांच्या वेळचा पूल गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली, आमच्याच दोन गाड्या. त्या पुलावरून मी किती रात्री गेलो असेन, हिशेब नाही. नवीन पूल १६५ दिवसांत उभा राहिला, पुढच्या जूनमध्ये सुरूही झाला. म्हणजे ठरवलं तर होतं. बाकीच्या रस्त्याला २०११ पासून किती गणपती गेले ते तुम्हीच मोजा. दर गणपतीला 'या गणपतीपर्यंत' ऐकतोय.

आणि पेशंट. आमच्याकडून गंभीर पेशंट बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजला नेतात. पूर्वी अडीच तास, इन्सुलीच्या घाटात पेशंटपेक्षा नातेवाईक जास्त ओकायचे. आता दीड तास. माझा स्वतःचा भाऊ त्या एका तासामुळे वाचला. तेव्हा मी रस्त्याचा वैरी नाही, हे लिहून घ्या.

पण काही गोष्टी गेल्या. झाराप-पत्रादेवी हा सावंतवाडीबाहेरून जाणारा रस्ता झाला तसा गोव्याचा माणूस सावंतवाडीत शिरेनासा झाला. पूर्वी मोती तलावाच्या काठानंच जायला लागायचं. पोरं गाडीत रडायला लागली की चितारआळीत थांबून लाकडी बैलगाडी घेऊन द्यायची. आता ती गाडी झारापला सुटते ती पत्रादेवीला.

थांब्यांचंही तेच. आमच्याकडे थांब्यांना झाडांची नावं. वडाकडे, जांभळीकडे, आंब्याकडे. रुंदीकरणात झाडं गेली, नावं राहिली. नवीन कंडक्टरला पॅसेंजर सांगतो, आंब्याकडे थांबवा. तो बिचारा खिडकीतून आंबा शोधतो. काँक्रीट, काँक्रीट, काँक्रीट. तोवर आंबा एक किलोमीटर मागे.

आणि एक गोष्ट, जी फक्त आम्हा ड्रायव्हर लोकांना कळते. जुन्या रस्त्यावर समोरून एस.टी. आली की स्टेअरिंगवरची चार बोटं उचलायची. त्यानंही उचलायची. एवढंच. नाव माहीत नसायचं, डेपो माहीत असायचा. पुढे पोलीस असले, झाड पडलेलं असलं, गुरं असली तर बोटांची खूण वेगळी. मालवणहून मुंबईपर्यंत रात्रभर अशी शेकडो बोटं दिसायची. झोप यायची नाही. आता समोरची गाडी डिव्हायडरपलीकडे, मध्ये झुडपं, वर दिव्यांचा झोत. बोटं उचलून दाखवायची कुणाला? वर काँक्रीटच्या सांध्यांवर टायर टक-टक, टक-टक करत राहतो, पाळण्यासारखा. निवृत्त झाल्यावर भाच्याच्या गाडीत पुढे बसलो होतो, पंधराव्या मिनिटाला माझी मान पडली. भाचा ८० नं चालवत होता. त्याला म्हटलं, बाबा, माझ्याशी बोल. कशावरही बोल.

(घंटा.)

एकदा वाजली. म्हणजे थांबायचं. पाच मिनिटं? तीन? बरं. सूचना. कागद उघडतो, चष्मा... हां.

एक. मिडलकट वाढवा असं मी म्हणत नाही, आश्चर्य वाटेल. मोजणीला आलेला एक तरुण इंजिनिअर म्हणाला, "काका, जेवढे कट जास्त, तेवढे अपघात जास्त." बरोबर बोलला तो. पण आहेत त्या कटावर वळणाऱ्याला थांबायला वेगळा पदर द्या. आज मी वळायला थांबतो तो १०० नं येणाऱ्या गाडीच्या पुढ्यात, जीव मुठीत धरून.

दोन. सर्व्हिस रोड तुकड्यातुकड्यांचा नको. एका बॉक्सवेलपासून दुसऱ्यापर्यंत सलग पाहिजे. आमचा मध्येच एका गडग्याला, दगडी कुंपणाला, जाऊन संपतो. आणि तो एकेरी की दुहेरी, ते बाणानं रंगवा. आज तो ज्याच्या त्याच्या मनाप्रमाणे आहे. हा सलग झाला तर राँग साईड निम्मी आपोआप जाईल, पोलीस न ठेवता. माझं अख्खं व्याख्यान ह्या एका ओळीत आहे, आणि नेमकी तीच घाईत वाचतोय.

तीन. बॉक्सवेलमध्ये जूनपासून पाणी. साकवाखाली पाणी असतं, साकवावर नाही. गटार मेमध्ये काढा.

चार. गुरं. पावसात माळ ओला, हायवे कोरडा, वाऱ्यानं माश्या कमी, म्हणून ती रात्री रस्त्यावर बसतात. त्यांनाही अक्कल आहे. मालकांनी गळ्यात रेडियमचे पट्टे बांधावेत, आणि पाणंद जिथे हायवेला मिळते तिथे एकेक दिवा.

पाच. दोन्ही बाजूंचे बसथांबे समोरासमोर, आणि ओलांडायच्या जागेपाशी. आज उतरायचं एकीकडे आणि ओलांडायचं भलतीकडे. वर छप्पर. आंबा परत येणार नाही, निदान पत्रा द्या.

टोलचं विचारू नका, वेळ नाही. नाक्यापासून २० किलोमीटरच्या आतल्या खासगी गाडीला मासिक पास, असा नियम आहे. २१ व्या किलोमीटरवर राहणाऱ्या माझ्या मेव्हण्यानं काय पाप केलंय, ते अध्यक्षांनी समारोपात सांगावं.

निघतो. आमच्या बाजूला कुणाला यायचं असेल तर स्कूटरवर मागे एक जागा आहे. घर उजव्या हाताला दिसेल, उतरायची घाई करू नका, पुढे ४०० मीटर जाऊन वळून यायचंय. आणि मध्ये दोन मिनिटं थांबू. खरं सांगायचं तर ह्या व्याख्यानाला हो म्हटलं ते त्यासाठीच. कुडाळहून परत जाताना गिरणी डाव्या हाताला लागते. डबा सकाळपासून तिथे आहे.